ते

त्याला नाव नव्हतं.
गगनबावड्याला, माझ्या माहेरी,
करवंदं काळी पडली की आई म्हणायची, आज करू ते,
आणि आम्ही पोरं चुलीपासून हलायचो नाही.
लग्नानंतर केरबाही तसंच म्हणायला लागला.
शिरोलीतनं सेकंड शिफ्ट करून यायचा,
डबा कट्ट्यावर ठेवता ठेवता नाक वर करून विचारायचा :
ते केलंयस व्हय?

आता लेक विचारते, आई, वर नाव काय लिहू?
वही उघडून बसलीय ओट्याजवळ.
पीठ किती, गूळ किती, मिनिटं किती.
लिही, म्हटलं, करवंदं एक मापटं.
मापटं म्हणजे किती ग्रॅम?
हिला गंगावेशीतली ती बाई दाखवायला हवी होती,
जी भरल्या मापट्यावर आणखी एक मूठ टाकते
आणि ती मूठ मोजत नाही.

करवंदं रात्रीच धुतली.
देठाचा चीक बोटांना धरून बसतो,
खोबरेलाशिवाय सुटत नाही.
निम्मी चेचायची, निम्मी तशीच.
गूळ ढेपेच्या पोटातला, काळपट.
सुंठ. मीठ, लाजत लाजत.
बिया काढायच्या का गं?
नको. दातांनाही काम असू दे.

वरचं पीठ गव्हाचं, जाडसर,
लोणी आणि आंबट ताक.
चपातीसारखं मळू नकोस,
कुणीतरी दारात उभं आहे अशा घाईनं गोळा कर
आणि फळावर थाप, कसंही.

पहिल्या वर्षी माझं फुटलं होतं.
मधोमध डोंगर, रस चुलीत,
खोलीभर जळक्या गुळाचा वास.
सासू काही बोलली नाही,
त्याचाच मला जास्त राग आला.
केरबा मात्र ओणवा होऊन बघत राहिला,
कारखान्यात साचा बघतात तसा.
'हवा जायाला वाट ठिवलीस का?
वाफ अडली की बीडबी फुटतंय.
हे तर पीठ हाय.'
पुढच्या खेपेला सायकलची तार धुऊन घेतली
आणि स्वतः भोकं पाडली. सात.
सातच का, ते मी कधी विचारलं नाही.

मग एकदा पिशवीतनं झाकण घेऊन आला,
उरलेल्या बीडाचं, स्वतः ओतलेलं,
वर निखारे राहावेत म्हणून काठ उचललेला,
मधे वाकडी कडी.
साहेबाला काय सांगितलंस?
'बायकोचं हाय म्हणालो.'
साडेतीन किलो, आणि एका अंगाला जरा जाड.
त्या अंगाचं पीठ शेवटपर्यंत पांढरं राहायचं.
केरबा ताट तिकडूनच पुढं करायचा,
चूक माझी हाय, म्हणायचा, मीच खातो.

फुलेवाडीच्या या फ्लॅटात निखारे कुठले?
लेकीनं ओव्हन आणलाय.
झाकणाला पट्टी लावून बघितली तिनं,
चार बोटं मोठं. आत जात नाही.
मग झाकणाशिवायच.
एकशेऐंशीवर चाळीस मिनिटं,
काचेतनं रस उकळताना दिसत होता,
भोकाभोकातनं जांभळा डोळा वर यायचा, मिटायचा.
आम्ही दोघी खाली बसून बघत होतो,
टीव्ही बघावा तसं.

सुरेख झालं. सगळीकडनं सारखं लाल.
शेजारच्या मुल्लाणी वहिनींनी वाटी परत पाठवली
ती घासायचीही गरज नव्हती.
लेक म्हणाली, आई, तू का खात नाहीस?
खाते की.
चमचा घेऊन मी काठाकाठानं फिरत होते,
कुठंतरी एखादी कच्चट बाजू असेल म्हणून.

रात्री ओटा पुसला.
उरलेल्यावर झाकण ठेवलं, मुंग्यांसाठी.
भांड्याला ते अजून नेमकं बसतं.
वही तिथंच उघडी होती.
नावाची ओळ कोरी.
खाली, सगळ्या ग्रॅम-मिनिटांच्या शेवटी,
लेकीनं दोनदा अधोरेखित केलंय :
भोकं सात.